इसब, आजीचा पाला आणि गाजर गवत

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात कातडीच्या रोगांना नावे पुष्कळ आहेत, औषध मात्र बहुधा एकच : पाला. अंगाला खाज सुटली की माणूस प्रथम बांधावर जातो, मग औषधाच्या दुकानात जातो आणि अगदीच रडकुंडीला आला म्हणजे डॉक्टरकडे जातो. शिरूर तालुक्यातील आमच्या वाडीत बांधावरच्या या दवाखान्याची प्रमुख माझी आजी आहे. तिला अक्षरओळख नाही. पण कोणत्या पाल्याला कसा वास येतो, तो कोणत्या महिन्यात कोवळा असतो आणि कोणाच्या बांधावर सापडतो, हे ती डोळे मिटून सांगते. तिच्याकडे येणाऱ्याकडून ती पैसे घेत नाही. "पाला काय कुनाचं वाईट करीत न्हाई," असे ती म्हणते. "गुन आला तर आला, न्हाई तर धुऊन टाकायचा."

आजीच्या या वाक्याचाच विचार मला या लेखात करायचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, असे कोणी म्हटल्यास ते मी मान्य करीन. पण माझ्या वडिलांना, अण्णांना, सात वर्षांपासून इसब आहे. घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मी अकरावीत प्रवेश घेतला त्या दिवसापासून घरातल्यांची एक ठाम समजूत झाली आहे, की औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचणे हे आता माझे काम. ते वाचता वाचताच हा अभ्यास झाला.

इसबाला इंग्रजीत एक्झिमा म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून 'उकळून वर येणे' असा त्याचा अर्थ आहे. ज्याने इसब जवळून पाहिले आहे त्याला हा अर्थ पटेल. प्रथम कातडी लाल होते, मग बारीक पुरळ उठते, लस वाहते, खपली धरते, आणि खाजवून खाजवून ती जागा अखेर म्हशीच्या मानेसारखी जाड व काळी पडते. खाज रात्री वाढते. अण्णा रात्री झोपेत खाजवतात त्याचा आवाज, सुपात धान्य पाखडल्यासारखा, मी माळ्यावर अभ्यास करताना ऐकला आहे.

आपली कातडी ही एक भिंत आहे असे समजावे. पेशी म्हणजे दगड आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. चुना निघाला की भिंतीतून आतले पाणी बाहेर झिरपते आणि बाहेरचे उपद्रवी पदार्थ आत येतात. मग शरीराची संरक्षणव्यवस्था खवळते. काही माणसांची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या आयर्विन मॅकलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनविणाऱ्या जनुकात दोष असला तर लहानपणीचे इसब होण्याचा संभव बराच वाढतो. दुसऱ्या काही जणांची भिंत मजबूत असते, पण एखादा विशिष्ट पदार्थ अंगाला लागला की त्यांचे शरीर चवताळून उठते. त्यालाही इसबच म्हणतात, पण ते स्पर्शाने होणारे इसब. हा भेद मला फार उशिरा कळला.

त्याहून महत्त्वाचा भेद इसब आणि गजकर्ण यांतला आहे. गजकर्ण अथवा नायटा हा बुरशीमुळे होतो, तो एकाचा दुसऱ्याला लागतो. इसब लागत नाही. आमच्या गावात या दोहोंची सर्रास गल्लत होते. अण्णांचा पेला काही दिवस वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. गंमत अशी, की आपल्या जुन्या ग्रंथकारांनी ही गल्लत केलेली नाही. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अकरा क्षुद्रकुष्ठांत 'दद्रु' आणि 'विचर्चिका' ही दोन नावे स्वतंत्र आली आहेत. दद्रु म्हणजे साधारणतः आपले गजकर्ण, आणि विचर्चिकेची गाठ आजचे वैद्य इसबाशी घालतात. टाकळ्याला संस्कृतात 'दद्रुघ्न' म्हणतात, म्हणजे दद्रुचा नाश करणारा. टाकळ्यात क्रायसोफॅनॉलसारखी द्रव्ये आहेत व प्रयोगशाळेत ती बुरशीला मारक ठरली आहेत. म्हणजे नाव ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो आहोत हे नीट ठाऊक होते. विसरलो आपण. आजीने अण्णांच्या कोपरांवर दोन पावसाळे टाकळ्याचा पाला वाटून बांधला, तो या विसरण्यातून. पाला खोटा नव्हता. रोग दुसरा होता.

आता 'पाला कोणाचे वाईट करीत नाही' या वाक्याकडे वळू. बिब्बा हे झाडाचेच फळ आहे. त्याच्या काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत असत, आणि तशा खुणेचा कपडा जिथे अंगाला घासतो त्याच जागी पुरळ उठते, अशी नोंद डॉक्टरांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. आंबा आणि काजू हे बिब्ब्याचे भाऊबंद. आंब्याच्या देठाचा चीक तोंडाला लागला की ओठ का उततात, काजूच्या टरफलातील तेलाने कोकणातल्या कामकरी बायकांच्या हातांची सालपटे का निघतात, याचे उत्तर या एकाच कुळात आहे. आमच्या गावातील एका गृहस्थांनी नडगीवरच्या इसबावर बिब्बा घातला. इसब राहिले बाजूला, पाय मांडीपर्यंत सुजला आणि पाण्याने भरलेले फोड आले. बिब्बा घालण्याचा सल्ला आजीचा नव्हता, हे मला तिच्या वतीने नमूद केले पाहिजे. तिने बिब्ब्याला 'आगीचं फळ' म्हणून घरातसुद्धा उंच फडताळात ठेवले आहे.

तर मग वनस्पतींच्या अर्कांनी इसब बरे होते का? या प्रश्नावर जगात जे प्रयोग झाले त्यांपैकी काहींची हकीकत मला कादंबरीपेक्षा सरस वाटली.

पहिली लंडनची. १९८० ते ९० च्या दशकात तेथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयातील डॉ. डेव्हिड अॅथर्टन यांच्या लक्षात आले, की त्यांच्याकडची इसबाने हैराण झालेली काही मुले एकाएकी सुधारू लागली आहेत. चौकशी केली तेव्हा कळले, की आईबाप मुलांना चायनाटाउनमधील चिनी वैद्याकडे नेत होते. तो वनस्पतींचा काढा देत असे, आणि तो इतका कडू असे की मुले थुंकून टाकीत. आमच्याकडे एखाद्या डॉक्टरने यावर कपाळाला आठ्या घातल्या असत्या. अॅथर्टन यांनी तसे न करता त्या काढ्याची परीक्षा घेण्याचे ठरविले. दहा वनस्पती निश्चित केल्या. त्यांत ज्येष्ठमधाची चिनी जात होती, आणि आपल्या बांधावर अनवाणी पायांत रुतणारा सराटाही होता! काही काळ हा काढा व काही काळ तसाच दिसणारा, तसाच कडू, पण इसबाशी संबंध नसलेल्या वनस्पतींचा काढा, असे आळीपाळीने मुलांना दिले. कोणता केव्हा हे मुलांना ठाऊक नव्हते. ३७ मुलांनी हा प्रयोग पुरा केला. १९९२ साली निकाल प्रसिद्ध झाला, तो असा : खऱ्या काढ्याने कातडीची लाली निम्म्याने उतरली, खोट्याने जेमतेम सहा टक्के. प्रौढांवरील प्रयोगही त्याच वर्षी यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. मोठा गवगवा झाला. पुढे हाँगकाँगमध्ये, म्हणजे जिथे ही विद्या घरची, तिथे ४० रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. १९९९ साली त्याचा निकाल आला. खऱ्या आणि खोट्या काढ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय काढा घेणाऱ्यांच्या यकृताला बाधा होत नाही ना, म्हणून रक्त तपासत राहावे लागे. ते औषध पुढे कारखान्यात तयार होणेच बंद झाले.

ही हकीकत मी आजीला सांगितली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "मंग त्या पोरांना गुन आला का न्हाई?" मला नीट उत्तर देता आले नाही. लंडनच्या मुलांना आला, एवढेच म्हणता आले. परंतु एका ठिकाणी आलेला गुण दुसऱ्या ठिकाणी पुन्हा दिसत नाही तोपर्यंत त्याला औषध म्हणता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. ते मला पाठ्यपुस्तकातून कधी इतके समजले नव्हते.

दुसरी हकीकतही लंडनचीच आहे, पण ती वाचून राग येतो. पहिल्या प्रयोगांची कीर्ती पसरल्यावर चिनी वनौषधींच्या मलमांची विक्री वाढली. किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉक्टरांनी अशी ११ मलमे तपासली. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ११ पैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड निघाले. वनस्पतींचे नाव आणि गुण स्टेरॉइडचा. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य बळाचे, योग्य जागी, मोजके दिवस लावले तर इसबावर ते उपयोगीच आहे, असे डॉक्टर सांगतात. पण चेहऱ्यावर किंवा लहान मुलाच्या अंगावर महिनोन् महिने चोळले तर कातडी कागदासारखी पातळ होते. आणि गजकर्णावर चोळले तर वरची लाली जाते, बुरशी आत फोफावते. आपल्या देशात अशा मलमांचा इतका सुळसुळाट झाला, की मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारला १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा आदेश काढावा लागला.

तिसरी हकीकत तेलाची. ईव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांचे तेल इसबावर पोटात घेण्यासाठी युरोपात अनेक वर्षे दिले जाई. त्याच्या आणि तशाच बोराज तेलाच्या मिळून २७ प्रयोगांची, १,५९६ रुग्णांची छाननी २०१३ साली प्रसिद्ध झाली. खोट्या गोळीपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही. ब्रिटनने तर त्याची इसबावरचे औषध म्हणून असलेली परवानगी २००२ मध्येच काढून घेतली होती. याउलट आपले साधे खोबरेल! फिलिपाइन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांना शुद्ध खोबरेल लावले, निम्म्यांना खनिज तेल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खोबरेलाच्या गटातील मुलांचे इसब सरासरी ६८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटातील ३८ टक्क्यांनी कमी झाले. त्या मुलांचे इसब सौम्य ते मध्यम होते, हे विसरता कामा नये. ओटचे बारीक पीठ पाण्यात कालवून लावण्याचा उपाय असाच साधा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्याला त्वचेचे संरक्षक म्हणून मान्यता दिली. यांत चमत्कार नाही. हे पदार्थ भिंतीतला निघालेला चुना थोडाफार भरून काढतात, खाज शमवतात.

पण सगळी तेले सारखी नसतात. ऑलिव्ह तेल प्रौढ माणसांच्या निरोगी कातडीवर काही आठवडे लावून इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले, की त्याने कातडीची भिंत उलट ढिली होते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल पुष्कळ असते. आमच्या करंजतेलातही ते पुष्कळ असते. हे वाचून मी जरा दचकले, कारण आजीचे इसबावरचे ब्रह्मास्त्र म्हणजे कडुनिंबाचा रस घालून उकळलेले करंजतेल.

येथे हळदीविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हळदीचा विषय निघाला की कोणी तरी म्हणतेच, "अमेरिकेनेसुद्धा मान्य केले आहे!" १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक परिषदेने त्याला आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द झाले. त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो खटला काय होता? हे ज्ञान नवे की जुने, एवढाच तो वाद होता. हळदीने इसब बरे होते की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला नव्हता. जुने असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी आपण फार लवकर एक करून टाकतो.

एवढे वाचल्यावर आपणही एक प्रयोग करून पाहावा असे मला वाटले. गेल्या वर्षी चैत्रात अण्णांच्या उजव्या कोपरावर रोज अंघोळीनंतर नुसते खोबरेल आणि डाव्यावर आजीचे करंजतेल, असे ठरविले. आजीला हे मुळीच आवडले नाही. "एका मानसाच्या दोन हातांत भांडन लावतीस व्हय?" असे ती म्हणाली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज दोन्ही हातांना शून्य ते दहा असे गुण देत असे. पंधरा दिवसांत उजव्या हाताच्या भेगा मऊ पडल्या. डाव्या हाताची आग होते अशी तक्रार अण्णा करू लागले. मी मनातून खूश झाले होते. मग एके दिवशी दोन्ही हात एकदम स्वच्छ दिसू लागले. लाली नाही, खपली नाही. दोन्हींना एक गुण! मी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा अण्णांनी मान खाली घालून सदऱ्याच्या खिशातून एक चपटी ट्यूब काढली. तालुक्याच्या एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. तिच्यावरचे बारीक अक्षर मी वाचले, त्यात स्टेरॉइडचे नाव होते. "लग्नाला जायचं होतं गं," ते म्हणाले. "लोकं हाताकडं बघत्यात."

माझा प्रयोग बाटला. पण मला त्यांना काही बोलवेना. लंडनच्या मलमांच्या हकीकतीवर मी वहीत चांगली तावातावाने टिपणे काढली होती. तीच गोष्ट आमच्या घरात, माझ्या वडिलांच्या खिशात निघाली. फसवणूक नेहमी दुसरा करतो असे नाही, एवढे मात्र मनात आले.

आषाढात दोन्ही हात पुन्हा पेटले. या खेपेस पापण्या सुजल्या, गळ्याभोवती लाल पट्टा उठला. ट्यूब लावूनही उतार पडेना. गुण देण्यासाठी मी अण्णांना सदरा काढायला सांगितला, आणि तेव्हा जे सात वर्षे कोणी पाहिले नव्हते ते दिसले. बंडीच्या आतली छाती आणि पाठ स्वच्छ होती. पुरळ होते ते जिथे कपडा नाही तिथे. मानेवर, पापण्यांवर, हातांच्या पाठींवर, आणि धूळ साचते त्या कोपराच्या वळीत.

एस.टी.ने आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी अण्णांचे हात पाहिले आणि औषधांची चौकशी न करता पहिलाच प्रश्न विचारला, "शेतात काय उपटता?" अण्णा म्हणाले, "कांद्यात खुरपणी करतो. बांधावरचं काँग्रेस गवत उपटतो." त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या. एका चकतीखाली अंगठ्याएवढा लाल, खरबरीत डाग उठला होता. ती चकती गाजर गवताच्या अर्काची होती.

या गवताची कुळकथा आपल्याला माहीत असायला हवी, कारण ती पुण्यापासून सुरू होते. ते मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची शास्त्रीय नोंद पुण्यातून १९५६ साली झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी पांढरी फुली, कोणी चटकचांदणी. दहा-बारा वर्षांत पुणे परिसरातील डॉक्टरांना त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण दिसू लागले. त्याच्या पानांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. उपटायलाच पाहिजे असे नाही, वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर आली तरी पुरते. ज्यांच्या शरीराने या द्रव्याशी एकदा वैर धरले त्यांचे वैर बहुधा जन्मभर राहते. रानात काम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हा विकार जास्त आढळतो. अण्णा त्या वर्णनात जसेच्या तसे बसतात.

म्हणजे सात वर्षे आम्ही एका हाताने पाला लावीत होतो आणि दुसऱ्या हाताने रोगच उपटून अंगावर घेत होतो. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातले आहे, आणि ज्याला त्याचे वावडे आहे त्याला त्या कुळातल्या इतर वनस्पतींनीही त्रास होऊ शकतो. त्यांनी शेवंतीचे नाव घेतले. मला मात्र दगडी पाला आठवला. तोही त्याच कुळातला. कापल्या-खरचटल्यावर आजी तोच चोळून लावते, आणि अण्णांच्या भेगांवर तिने तो किती वेळा लावला याची गणती नाही.

घरी येऊन हे आजीला कसे सांगावे, हा मोठा प्रश्न होता. मी वाटेत वाक्ये जुळवीत होते. 'आजी, तुझ्या पाल्याने अण्णांचे वाढले असेल' हे वाक्य काही केल्या जुळेना. अखेर अण्णांनीच सांगितले. ती बराच वेळ चुलीपुढे गप्प बसली. मग म्हणाली, "मला त्या पाल्याचं नाव ठावं व्हतं, कूळ ठावं नव्हतं." पुढे दोन-तीन दिवस तिने कोणालाच पाला दिला नाही. आलेल्या माणसाला ती माझ्याकडे बोट दाखवी आणि मी लाजून आत जाई. मला काय कळते? मला वाचता येते, एवढेच.

औषधे मिळाली. मलम आले, गोळ्या आल्या, आणि अंघोळीनंतर लावायला साधे खोबरेल चालेल असेही सांगितले गेले. पण मुख्य उपाय कागदावर एकाच ओळीत होता : गवतापासून दूर राहावे. हे लिहायला सोपे आहे. आमची दोन एकर जमीन, उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरी. ऐन पावसाळ्यात खुरपणी सोडली तर खायचे काय? अण्णांनी शेजारच्या काकांशी अदलाबदल केली. रात्रीचे पाणी द्यायचे काम अण्णांचे, दिवसाची खुरपणी काकांची. मजुरी थोडी कमी पडते. लांब बाह्यांचा सदरा, गळ्याला उपरणे, घरी आल्याबरोबर अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, असे सुरू आहे. इसब गेलेले नाही. झोप मात्र येते.

गवताचे काय करावे याचा शोध घेताना मला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा. तो १९८४ साली बंगळूर भागात सोडला गेला, आणि तो या गवताची पाने खातो. दुसरी गोष्ट वाचून मी वाचनालयात एकटीच हसले. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाचा सल्ला असा, की गाजर गवत माजते त्या पडीक जागी पावसाच्या आधी टाकळ्याचे बी टाकावे. टाकळा झपाट्याने वाढतो, दाट होतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही.

ही बातमी मी आजीला दिली. तिने फडताळातून पत्र्याचा डबा काढला. त्यात गेल्या दिवाळीला वाळवून ठेवलेले टाकळ्याचे बी होते, ओंजळभर. वळवाच्या पहिल्या पावसाआधी आम्ही दोघींनी ते पूर्वेच्या बांधावर टाकले. सगळा बांध पुरला नाही. भाद्रपदात मी गावी गेले तेव्हा जिथे बी पडले होते तिथे टाकळा गुडघ्याएवढा होता आणि त्यात गाजर गवत तुरळक होते. जिथे पडले नव्हते तिथे ते पांढरे फुलले होते. आजी बांधाच्या त्या टोकाला बसून बी धरलेल्या शेंगांकडे पाहत होती. पुढच्या वर्षी पश्चिमेचा बांधही घ्यायचा, असे तिने ठरवले आहे. कोवळ्या पाल्याची तिने पावसाळ्यात दोनदा भाजी केली होती, हेही तिने सांगितले.